सिकंदर साहेब

जेम्स स्किनर यांचा जन्म १७७८ साली झाला. वडील स्कॉटलंडचे, तर आई राजपूत. आई भारतीय म्हणून ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत त्यांना अधिकारी होता येईना. तेव्हा ते शिंद्यांच्या मराठी फौजेत गेले आणि शौर्याने लढले. १८०३ साली शिंदे व इंग्रज यांच्यात युद्ध पेटले. आपल्या बुलढाणा जिल्ह्याशेजारची असईची लढाई याच युद्धातली. आता वडील इंग्रजांकडचे म्हणून शिंद्यांच्या फौजेतूनही त्यांना काढण्यात आले. जावे तरी कोठे? शेवटी कंपनीकडे जाऊन त्यांनी नामांकित घोडदळ उभारले. पुढे दिल्लीत चर्च बांधले आणि फारसीत ग्रंथही लिहिले. वडिलांचा धर्म आणि आईच्या देशातील विद्या, दोन्ही त्यांनी आपलेच मानले. लोक त्यांना सिकंदर साहेब म्हणत.