भाड्याच्या घरातली बाग

1883 सालचा एप्रिल संपत आला होता. पॅरिसच्या वायव्येला, सीन नदीच्या खोऱ्यातल्या जिव्हर्नी नावाच्या खेड्यात एक बिऱ्हाड येऊन दाखल झालं. गाव जेमतेम तीनशे वस्तीचं आणि बिऱ्हाडात माणसं दहा. एक चित्रकार, त्याची दोन मुलं, एक बाई आणि तिची सहा मुलं. चित्रकाराचं नाव क्लोद मोने, वय बेचाळीस. खिसा रिकामाच. हलवाहलवीचा खर्चसुद्धा चित्रांचे व्यापारी पॉल द्युराँ-रुएल यांच्याकडून उचल घेऊन केलेला. सामान लागतं न लागतं तोच पॅरिसहून निरोप आला, ज्येष्ठ चित्रकार मित्र एद्वार माने गेला. नव्या घराची गाठोडी तशीच सोडून मोनेला अंत्ययात्रेसाठी जावं लागलं.

हे कुटुंब दोन मोडलेल्या संसारांतून जुळलेलं होतं. मोनेची पत्नी कामीय 1879 मध्ये आजारपणात गेली. तिची शुश्रूषा केली ती आलिस ओशदे या बाईने. आलिसचा नवरा एकेकाळी कापडाचा मोठा व्यापारी, मोनेची चित्रं विकत घेणारा. त्याचं दिवाळं निघालं आणि तो संसारापासून दूर होत गेला. आलिसने कामीयची मुलं आपल्या मुलांतच वाढवली. नवरा हयात असल्याने लग्न मात्र झालेलं नव्हतं. या मंडळींना हवं होतं ते एक छप्पर. सगळ्यांना एकत्र धरून ठेवणारं.

ते मिळालं, भाड्याने. लांबलचक, गुलाबी गिलाव्याचं घर, पुढे सफरचंदांची वाडी, एका टोकाला कोठार. कोठाराच्या मातीच्या जमिनीवर फळ्या घालून मोनेने तिथे चित्रं काढण्याची खोली केली. खिडक्यांच्या झडपांना हिरवा रंग दिला. वाडीत फुलझाडं लावली. संध्याकाळी पाणी घालायला मुलं हाताशी असत.

माझी उमेदीची वर्षं बँकेत गेली. घरकर्जाचे अर्ज तपासताना एक पाहिलं होतं, भाडेकरू भिंतीत खिळा ठोकतानासुद्धा दहादा विचार करतो. परक्याच्या घरात पैसा घालणं आमच्या हिशेबात निव्वळ वेडेपणा. मोनेने तो वेडेपणा सात वर्षं केला!

1890 मध्ये घर विक्रीला निघालं, तेव्हा 22,000 फ्रँकला त्याने ते घेतलं. गावाभोवतीच्या शेतांतल्या गवताच्या गंजींची त्याची चित्रं पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये मांडली गेली आणि भराभर विकली गेली. 1891 मध्ये आलिसचा नवरा वारला आणि 1892 मध्ये दोघांचं रीतसर लग्न झालं.

मग घराला खरा हात लागला. जेवणाची खोली पिवळीधमक, भिंतींवर जपानी चित्रं. स्वयंपाकघरात निळ्या फरशा. दिवस घड्याळावर चाले. मोने पहाटे उठे, गार पाण्याने अंघोळ करी आणि बाहेर पडे. दुपारचं जेवण साडेअकराला म्हणजे साडेअकराला. कारण पुढचं ऊन चुकवून चालत नसे. चित्र मनासारखं उतरलं नाही तर तो ते फाडी, जाळी. अशा दिवशी घर चिडीचूप असे. ती शांतता सांभाळायची आलिसने.

1893 मध्ये त्याने रेल्वेरुळापलीकडची ओली जमीन घेतली. एप्त नदीच्या फाट्याचं पाणी वळवून तिथे तळं करायचं होतं. गावकऱ्यांनी हरकत घेतली. खालच्या अंगाला बाया कपडे धूत, गुरं पाणी पीत. परदेशी वनस्पतींनी पाणी नासलं तर? जिल्ह्याच्या प्रीफेक्टकडे अर्ज गेले. अखेर परवानगी मिळाली. तळं झालं, त्यावर लाकडी पूल आला, कमळं फुलली. शेजारच्या कच्च्या रस्त्याची धूळ कमळांवर बसते, म्हणून मोनेने स्वतःच्या पैशाने रस्त्यावर डांबर घालून घेतलं.

पण घर सजवलं म्हणून दुःख दाराशी थांबत नाही. 1911 मध्ये आलिस गेली, 1914 मध्ये थोरला मुलगा जाँ. मोनेच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आलिसची मुलगी आणि जाँची विधवा असलेल्या ब्लांशने त्याला सांभाळलं. महायुद्धाच्या काळात त्याने बागेत प्रचंड चित्रशाळा बांधली. तिचं दिसणं त्याला स्वतःलाच रुचलं नाही, पण कमळांच्या भिंतीएवढ्या चित्रांना दुसरीकडे जागा नव्हती. 1923 मध्ये डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली, तरी काम थांबलं नाही. 5 डिसेंबर 1926 रोजी तो याच घरात वारला. ती चित्रं पुढच्या वर्षी पॅरिसच्या ऑरांजरीत लोकांसाठी खुली झाली.

ब्लांश 1947 मध्ये गेल्यावर घर उतरणीला लागलं. धाकटा मुलगा मिशेल 1966 मध्ये वारला आणि वास्तू फ्रान्सच्या ललितकला अकादमीकडे आली. काचा फुटलेल्या, तुळया कुजलेल्या, बाग रानात जमा. 1977 पासून दुरुस्ती सुरू झाली आणि 1980 मध्ये दारं लोकांसाठी उघडली.

तिथे घरासमोर यू जातीचे दोन जुने सदाहरित वृक्ष उभे आहेत. बागेच्या मधल्या वाटेवर पूर्वी अशा गर्द झाडांची रांग होती. फुलांना ऊन मिळावं म्हणून मोनेला ती सगळी काढायची होती. आलिसला एकही तोडू द्यायचं नव्हतं. दोघांचा वाद बराच काळ चालला. रांग गेली, पण दाराजवळचे दोन वृक्ष राहिले. मोनेच्या बागेत आलिसचा शब्द असा अजून उभा आहे.