आकाशाने नाकारलेला इंजिनिअर

हवी ती ब्रँच मिळाली नाही म्हणून तोंड पाडून बसलेल्यांनी गेरहार्ड हर्झबर्ग यांच्याकडे बघावं. १९०४ साली हॅम्बर्गमध्ये जन्म. व्हायचं होतं खगोलशास्त्रज्ञ. पण घरचा पैसा नसेल तर या वाटेला येऊ नका, असं वेधशाळेकडून कळलं. मग १९२८ मध्ये डार्मस्टाटहून इंजिनिअरिंगची डॉक्टरेट! पत्नी लुईझे ज्यू, म्हणून नाझी राजवटीत शिकवणं बंद झालं. १९३५ मध्ये दोघांनी कॅनडा गाठलं.

धूमकेतूच्या प्रकाशातल्या काही रेषा त्यांनी १९४२ मध्ये प्रयोगशाळेत मिळवल्या, पण रेणू ओळखताना चुकले. १९५१ मध्ये त्यांच्याच ओटावाच्या प्रयोगशाळेत डग्लस यांनी दाखवलं, की तो तीन कार्बनचा रेणू आहे. सरांची चूक, सुधारली सहकाऱ्याने!

१९७१ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. १९७५ मध्ये कॅनडाची खगोलभौतिकी संस्था त्यांच्याच नावाने निघाली. तिथल्या मंडळींना क्रोटोंसोबत धनु राशीतल्या सॅजिटेरियस बी-२ या महाकाय ढगात, जिथे भारी तारे जन्मतात, पाच कार्बनची साखळी सापडली.

१९९९ मध्ये हर्झबर्ग गेले. दार बंद झालं होतं खरं, पण गडी खिडकीतून आभाळात शिरला!