गुलाबाचा काटा आणि रिल्के

रायनर मारिया रिल्के हा जर्मन भाषेतील थोर कवी गुलाबाचा काटा टोचून मरण पावला, ही आख्यायिका साहित्यरसिकांत आजही आवडीने सांगितली जाते. गुलाबांवर अखंड कवितामाला लिहिणाऱ्या कवीला असा मृत्यू शोभून दिसतो, हेच तिच्या दीर्घायुष्याचे कारण असावे. प्रत्यक्षात रिल्केचा बळी घेतला तो तीव्र ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने. आणि या रोगाने आपल्या खुणा उमटवल्या त्या त्याच्या तोंडात.

४ डिसेंबर १८७५ रोजी प्राग येथे जन्मलेल्या रिल्केला, आधीची मुलगी गमावलेल्या आईने काही वर्षे मुलीसारखे वाढवले. पुढे त्याची रवानगी लष्करी शाळेत झाली. दोन्ही त्याला मानवले नाही. रशियाचा प्रवास, पॅरिसमधील वास्तव्य, शिल्पकार रोदँकडे काही महिन्यांची चिटणिशी, अशी भटकंती चालूच राहिली. १९१२ मध्ये दुइनोच्या किल्ल्यात आरंभलेल्या विलापिका दहा वर्षे रखडल्या आणि स्वित्झर्लंडमधील म्युझोट येथे फेब्रुवारी १९२२ मध्ये पूर्ण झाल्या. त्याच महिन्यात ऑर्फियसला उद्देशून ५५ सुनीतेही जन्माला आली.

त्यानंतर प्रकृती ढासळली. १९२३ च्या अखेरीपासून व्हालमाँच्या आरोग्यधामात त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. १९२५ च्या शरदात तोंडाच्या आत गाठी जाणवल्याने त्याला कर्करोगाची भीती वाटू लागली आणि त्याने मृत्युपत्रही करून ठेवले. डॉक्टरांना ती निव्वळ भीती वाटली. तीव्र ल्युकेमियाची वाटचाल बहुधा आठवड्यांची वा महिन्यांची असते. त्यामुळे त्या गाठींना या रोगाची पूर्वसूचना म्हणणे उतावीळपणाचे ठरेल.

१९२६ च्या शरदात पाहुण्या स्त्रीसाठी गुलाब खुडताना हाताला काटा लागला. जखम चिघळली, बरी होईना. ३० नोव्हेंबरला तो पुन्हा व्हालमाँला पोहोचला, तेव्हा तोंडात आणि नाकात वेदनादायी व्रण उठू लागले होते. पाण्याचा घोटही नकोसा झाला. रक्ततपासणीत ल्युकेमिया निघाला.

या रोगात अपरिपक्व पांढऱ्या पेशी अस्थिमज्जा व्यापतात. प्लेटलेट्स घटल्याने हिरड्यांतून रक्त येते, जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी अपुऱ्या पडल्याने साधा व्रणही भरत नाही. काही प्रकारांत हिरड्याच सुजून दातांवर चढतात. म्हणूनच असा रुग्ण पुष्कळदा प्रथम दंतवैद्याच्या खुर्चीत बसतो. अकारण सुजलेल्या, फिकट, रक्ताळ हिरड्या पाहून दात उपटण्याऐवजी आधी रक्ताची साधी तपासणी सांगणारा दंतवैद्य निदानाचे मोलाचे दिवस वाचवतो. घाईने दात काढल्यास रक्तस्राव जिवावर बेतू शकतो.

रिल्केला मात्र लवकर झालेल्या निदानानेही तारले नसते. औषधांनी हा रोग तात्पुरता का होईना, मागे हटतो, हे बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी दाखवले ते १९४८ मध्ये. रिल्केने आपल्या आजाराचे नाव जाणून घेणे टाळले. शुद्ध हरपेल अशा वेदनाशामकांनाही नकार दिला. २९ डिसेंबर १९२६ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. २ जानेवारी १९२७ रोजी रारोनच्या टेकडीवरील चर्चच्या आवारात त्याचे दफन झाले. कबरीवर त्याने स्वतःच रचून ठेवलेल्या ओळी कोरल्या आहेत, आणि त्या गुलाबालाच उद्देशून आहेत.