काळ्या आजाराचे वैद्य : डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटल्या पंचवीस वर्षांत आसामांतील गारो डोंगराच्या पायथ्याकडून एक आजार ब्रह्मपुत्रेच्या कांठाकांठानें पूर्वेकडे सरकूं लागला. तो ज्या गांवांत शिरे तेथें कांहीं वर्षें मुक्काम करी, आणि मग पुढच्या गांवास जाई. मागें पडकीं घरें व पडीक शेतें राहत. १८९१ व १९०१ ह्या दोन खानेसुमारींच्या दरम्यान नौगांव जिल्ह्याची वस्ती जवळजवळ चौथ्या हिश्श्यानें घटली, आणि ह्या घटीचें मुख्य कारण हाच आजार होता. रोग्यास ताप येई, उतरे, पुन्हां येई. असे महिन्यांमागून महिने जात. डाव्या कुशीस पाणथरी वाढून पोट नगाऱ्यासारखें होई, हातापायांच्या काड्या होत, अंगांतलें रक्त आटे, आणि कातडीवर काळसर छटा येई. म्हणून लोक त्यास काळा आजार म्हणूं लागले. उपचार न झालेल्या शंभर रोग्यांपैकीं नव्वदांहून अधिक मरत.

आमच्या वाचकांस हिंवताप चांगला ठाऊक आहे. प्रथम डॉक्टर लोकही काळ्या आजारास हिंवतापाचाच एक भयंकर प्रकार समजत. १९०३ सालीं लीशमन व डोनोव्हन ह्या दोघां डॉक्टरांनीं, एकमेकांपासून दूर काम करीत असतां, रोग्यांच्या पाणथरींत एक अतिसूक्ष्म जंतु पाहिला, तेव्हां हा निराळा रोग ठरला. वाळूमाशी नांवाची, डांसाहूनही लहान अशी माशी हा जंतु एका माणसापासून दुसऱ्यास पोंचविते, ही गोष्ट तर १९४२ सालीं पुरती सिद्ध झाली. ही माशी मातीच्या भिंतींच्या भेगांत व गोठ्याच्या ओलींत राहते. ज्याचें घर पक्कें त्यास तिचें भय थोडें. चहाच्या मळ्यांवरचे मजूर, भातशेतीचीं कुळें आणि त्यांचीं मुलें, हेच बहुतेक रोगी. अशा माणसाजवळ औषधास द्यावयास पैसा नसतो, आणि जेथें पैसा नाहीं तेथें औषधाचा कारखानदार सहसा वळत नाहीं. त्यास आम्ही दुष्ट म्हणत नाहीं; दुकान चालविणारानें गिऱ्हाईक पाहावें हें ओघानेंच येतें. परंतु मग अशा रोग्यांकरितां औषध कोणीं शोधावें? ज्यांनीं तें शोधलें त्यांचें चरित्र आज वाचकांस सांगण्याचें योजिलें आहे.

उपेंद्रनाथ ब्रह्मचारी ह्यांचा जन्म १८७३ सालीं एका बंगाली घराण्यांत झाला. ब्रह्मचारी हें त्यांचें आडनांव होय. ते स्वतः संसारी गृहस्थ होते. वडील नीलमणि हे बिहारांतील जमालपूर येथें रेल्वेचे डॉक्टर असल्यामुळें मुलाचें बाळपण तेथेंच गेलें. पुढें हुगळीच्या कॉलेजांतून ते १८९३ सालीं बी. ए. झाले, व दुसऱ्याच वर्षीं कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांतून रसायनशास्त्र घेऊन एम. ए. झाले. गणितांतही त्यांची गति मोठी होती. तरी शेवटीं ते वैद्यकाकडे वळले, आणि १९०२ सालीं एम. डी. व १९०४ सालीं पीएच. डी. ह्या पदव्या त्यांनीं मिळविल्या. रोग्याच्या खाटेपाशीं उभा राहणारा डॉक्टर व नळकांडीं घेऊन बसणारा रसायनी हे बहुधा दोन निराळे इसम असतात. येथें ते एकच होते, आणि पुढील सर्व गोष्ट त्यावरच अवलंबून आहे.

१९०५ सालीं कलकत्त्याच्या कॅम्बेल वैद्यकीय शाळेंत त्यांची नेमणूक झाली, व तेथील रुग्णालयांत त्यांनीं सुमारें अठरा वर्षें काम केलें. काळ्या आजाराचे रोगी नित्य त्यांच्यापुढें येत. १९१५ च्या सुमारास टार्टर एमेटिक नांवाचा एक क्षार ह्या रोगावर देऊं लागले होते. त्यांत अँटिमनी ही धातु असते. आपल्याकडे डोळ्यांत घालावयाचा सुरमा ज्या खनिजापासून करीत आले, त्यांतलीच ही धातु. ह्या औषधानें कांहीं रोगी बरे होत खरे, पण तें कित्येक आठवडे, कधीं महिनोन्महिने शिरेंत टोचावें लागे, टोचतांच खोकला व वांती सुटे, आणि आधींच खंगलेलें पोर तें सोसूं शकत नसे. पुष्कळ रोगी अर्ध्यावरच उपचार टाकून घरीं निघून जात. त्यांस दोष कोण देईल?

ह्याहून सौम्य आणि लवकर गुण देणारें औषध हवें होतें. १९१९ सालाच्या अखेरीस इंडियन रिसर्च फंड असोसिएशन ह्या संस्थेनें डॉक्टरांस ह्या कामाकरितां पैशाची मदत दिली. रोगांविषयीं शोध व्हावा म्हणून ही संस्था १९११ सालीं सरकारी पैशानें निघाली होती. नफा मिळविणें हा तिचा हेतु नव्हता. वाचकांनीं तिचें नांव ध्यानांत ठेवावें, पुढें तिचें काम पडणार आहे. कामास जागा मिळाली ती रुग्णालयांतील एक लहानशी खोली. तींत पाण्याचा नळ नव्हता, गॅस नव्हता, विजेचा दिवा नव्हता. दिवसभर शिकवून व रोगी पाहून झाल्यावर डॉक्टर रात्रीं रॉकेलच्या कंदिलाच्या उजेडांत तेथें बसत. आज औषधशोधाच्या खर्चाचे मोठमोठे आंकडे कानीं पडतात, तेव्हां ही खोली आमच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

त्यांची विचारसरणी अशी होती. जर्मनींतील एहरलिश ह्यांनीं सोमलाचीं संयुगें करून उपदंशावर औषध काढलें होतें. अँटिमनी ही सोमलाची जवळची नातलग. तेव्हां सोमलाच्या जागीं अँटिमनी बसवून तसेंच संयुग केलें तर काय होईल? एकामागून एक क्षार त्यांनीं केले, पारखले व बाजूस ठेवले. क्विनाईन युरियाबरोबर मिसळून टोचल्यास वेदना कमी होते हें त्यांस ठाऊक होतें, म्हणून ह्या नव्या संयुगासही त्यांनीं युरियाची जोड दिली. १९२० सालीं अशा रीतीनें युरिया स्टिबामीन तयार झालें, व १९२२ सालीं रोग्यांवरील अनुभव छापून प्रसिद्ध झाला. महिनोन्महिन्यांचें काम आतां थोड्या आठवड्यांत होऊं लागलें, आणि रोगीही तें सोसूं लागले.

पण कलकत्त्याच्या कपाटांत ठेवलेलें औषध आसामच्या कुळास काय उपयोगाचें? येथें दुसऱ्यांचे हात लागले. शिलाँगच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील डॉ. शॉर्ट ह्यांनीं तें स्वतंत्रपणें पारखून पाहिलें, व मग आसाम सरकारनें खेड्यापाड्यांतील दवाखान्यांतून तें देण्यास आरंभ केला. १९२३ पासूनच्या सुमारें दहा वर्षांत एकट्या आसामांत तीन लाखांहून अधिक रोग्यांस उपचार मिळाला, व त्यांतले बहुतेक वांचले. जो आजार म्हणजे मरण असें लोक धरून चालत, त्याच्या नांवानें माणसें आपल्या पायांनीं दवाखान्यांत येऊं लागलीं.

१९२२ सालींच डॉक्टरांनीं आणखी एक गोष्ट ओळखली, आणि ती आमच्या उपदेशक बंधूंस फार महत्त्वाची वाटेल. काळा आजार बरा झालेल्या कांहीं माणसांच्या तोंडावर व अंगावर पुढें फिकट चट्टे किंवा गांठी येतात. माणूस हिंडता फिरता असतो, ताप नसतो, पण कातडींत तोच जंतु दडून बसलेला असतो, आणि वाळूमाशी तेथून तो उचलून पुन्हां गांवभर नेऊं शकते. अशा माणसास महारोग झाला असें समजून लोकांनीं दूर लोटावें, असें पुष्कळदां घडलेलें आहे. चट्टा दिसतांच निवाडा न करितां त्यास डॉक्टरकडे न्यावें, हें ह्या शोधावरून उघड झालें.

मानमरातब त्यांस पुष्कळ मिळाले. १९२४ सालीं कैसर-इ-हिंद सुवर्णपदक, १९३४ सालीं सर ही पदवी, १९३६ सालीं इंदूरच्या सायन्स काँग्रेसचें अध्यक्षपद. १९२९ सालीं नोबेल पारितोषिकाकरितांही त्यांचें नांव सुचविलें गेलें, पण तें मिळालें नाहीं. कलकत्त्यास त्यांनीं स्वतःची संशोधन संस्था काढली होती, व तेथें तयार होणारें औषध विकलेंही जाई. खाजगी वैद्यकीचा धंदाही त्यांचा मोठा होता. म्हणून आम्ही त्यांस संन्यासी करूं इच्छीत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, ह्या औषधाचा शोध विक्रीचा हिशेब पाहून सुरू झाला नव्हता. रुग्णालयाची खोली व सार्वजनिक पैसा ह्यांवर तो उभा राहिला. ६ फेब्रुवारी १९४६ रोजीं त्यांचा अंत झाला.

त्यानंतर दुसरीं अँटिमनीचीं औषधें आलीं. हिंवतापासाठीं घरोघर डी. डी. टी. फवारलें गेल्यानें वाळूमाशीही मेली, आणि आजार संपला असें वाटलें. फवारणी थांबली, आणि १९७० नंतरच्या दशकांत तो बिहारांत पुन्हां उठला. शतक संपेपर्यंत उत्तर बिहारच्या कांहीं भागांत अँटिमनीचा गुण निम्म्याहून अधिक रोग्यांस येईना. नवें औषध पाहिजे होतें, आणि रोगी पूर्वींइतकेच गरीब होते. पॅरोमोमायसिन नांवाचें एक जुनें औषध ह्या रोगावर चालेल असें दिसलें होतें, पण त्यावर पैसा घालणारा धनी मिळेना. तेव्हां २००० सालीं अमेरिकेंत निघालेल्या वनवर्ल्ड हेल्थ ह्या नफा न घेणाऱ्या संस्थेनें तें हातीं घेतलें, देणगीच्या पैशानें बिहारांत ६६७ रोग्यांवर त्याची परीक्षा करविली, आणि २००६ सालीं हिंदुस्थान सरकारनें त्यास परवानगी दिली. शंभरांतील सुमारें पंचाण्णव रोगी बरे झाले होते.

२००३ सालीं जिनीव्हा येथें, उपेक्षित रोगांवर नफ्यावांचून औषधें काढण्याकरितां ड्रग्ज फॉर नेग्लेक्टेड डिसीजेस इनिशिएटिव्ह नांवाची आणखी एक संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही मंडळी होती, ब्राझील, केनिया, मलेशिया व फ्रान्स येथील संस्था होत्या, आणि आमच्या देशाची इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्च होती. ही कौन्सिल म्हणजे १९४९ सालीं नांव बदललेलें तेंच इंडियन रिसर्च फंड असोसिएशन होय, ज्यानें कॅम्बेलच्या त्या खोलींतील कामास पैसा दिला होता.

आतां बिहारांतील रोग्यास अँफोटेरिसिनच्या एका विशेष प्रकाराची एकच मात्रा शिरेंतून देतात, व बहुतेकांचें काम तेवढ्यांत होतें. २०२३ सालीं बांगलादेशानें हा आजार सार्वजनिक संकट म्हणून संपविल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें मान्य केलें. पूर्व आफ्रिकेंत त्याचा जोर अजून मोठा आहे. आणि डॉक्टर ब्रह्मचारींनीं ओळखलेल्या त्या चट्ट्यांच्या रोग्यास आमच्याकडे बारा आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात; त्याच्याकरितां थोड्या दिवसांचा उपचार शोधण्याचें काम चालूं आहे.