माळव्याचा हिशेब मांडणारा महात्मा

काळाचौकी, लालबाग, परळ या गिरणगावातील भोंगे १९८२ च्या संपानंतर एकेक करून थांबले. गिरण्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. तरीही जुन्या चाळींच्या गॅलऱ्यांतून एक छोटेसे शेत अजून तग धरून आहे. तेलाच्या रिकाम्या डब्यात मिरचीचे रोप, फुटक्या बादलीत पुदिना, खिडकीच्या गजांवर चढवलेला कारल्याचा वेल आणि कोपऱ्यात तुळस. कोकण आणि घाटावरून आलेल्या कामगारांनी गाव सोडले, पण मातीची सवय सोडली नाही, याची ही खूण आहे. मिरचीच्या पानांखाली मावा दिसू लागला किंवा वांग्याच्या देठाशी पिठ्या ढेकूण साचला, की साबणाचे पाणी, निंबोळीचा अर्क, चुलीतली राख अशी धावपळ सुरू होते. आपण लावलेले दुसऱ्याच कोणी खाऊन जाऊ नये, एवढीच त्यामागची चिंता असते.

हीच चिंता संपूर्ण शेतकरी समाजाच्या संदर्भात, अत्यंत ठामपणे मांडणारा मराठी माणूस म्हणजे जोतीराव फुले. मुलींच्या शाळेचे संस्थापक आणि सत्यशोधक समाजाचे प्रवर्तक म्हणून त्यांना महाराष्ट्र ओळखतो. मात्र ते जन्माने माळी होते, भाजीपाल्याच्या व्यवहारात वाढले होते आणि उत्तरायुष्यातही स्वतः शेती करत होते, हा त्यांच्या चरित्राचा भाग काहीसा मागे पडला आहे. मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांतील प्रसिद्ध मंडयांना त्यांचेच नाव आहे, यामागेही एक कथा आहे.

फुलांवरून पडलेले आडनाव

फुले घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. सातारा जिल्ह्यातील कटगुण हे त्यांचे मूळ गाव. जोतीरावांचे आजोबा शेटीबा कटगुण सोडून पुरंदर तालुक्यातील खानवडीला आणि तेथून पुढे पुण्यात आले. त्यांच्या मुलांनी फुलांचे काम शिकून घेतले. पेशव्यांच्या वाड्यात समारंभांसाठी फुलांचे गालिचे, छत्र्या, हारतुरे पुरवण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. या कामावर खूश होऊन पेशव्यांनी ३५ एकर जमीन इनाम दिली. पुढे थोरल्या भावाने ती एकट्याच्या ताब्यात घेतली, तेव्हा धाकटे गोविंदराव वेगळे झाले. शेती आणि भाजीपाल्याचे दुकान यांवर त्यांनी संसार उभा केला.

याच गोविंदरावांच्या घरी ११ एप्रिल १८२७ रोजी जोतीरावांचा जन्म झाला. आई चिमणाबाई लवकर वारल्या आणि सगुणाबाई या नात्यातील स्त्रीने मुलाचा सांभाळ केला. प्राथमिक शिक्षण झाल्यावर वडिलांनी त्यांना शाळेतून काढून शेतात कामाला लावले. माळ्याच्या मुलाला लिहून-वाचून काय करायचे आहे, असा त्या काळचा समज होता. गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. मधली वर्षे त्यांनी वाफे बांधण्यात आणि पाणी देण्यात घालवली होती. पुस्तकाआधी त्यांनी माती हाताळली होती, हे त्यांच्या पुढच्या लिखाणात जागोजागी जाणवते.

१८४८ मध्ये त्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. पत्नी सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. समाजाच्या दडपणामुळे १८४९ मध्ये पतिपत्नींना वडिलांचे घर सोडावे लागले. १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह, १८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला, १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना, असा हा प्रवास सर्वज्ञात आहे.

मांजरीची शेती

या सार्वजनिक कामासाठी जोतीरावांनी स्वतःच्या कमाईचा आधार घेतला. बांधकामाचे साहित्य पुरवणे, मजूर पुरवणे अशी कंत्राटे त्यांनी घेतली. कात्रजचा बोगदा आणि मुठा नदीवरील धरण या कामांशी त्यांचा संबंध आला. पुण्याजवळ मांजरी येथे त्यांची शेती होती. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर करताना त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद अशी करून दिली. शाळांचे संस्थापक किंवा ग्रंथकार हा मान त्यांनी त्या सहीखाली मिरवला नाही.

खडकवासल्याच्या धरणातून निघालेल्या कालव्याने पुण्याच्या पूर्वेकडील शेतीचे रूप पालटू लागले होते. मात्र पाणी आले म्हणजे शेतकऱ्याचे भले झाले, असे जोतीरावांना वाटत नव्हते. पाटबंधारे खाते पाणीपट्टी वसूल करते, पण ऐन गरजेला पाणी मिळेल याची हमी देत नाही, अशी त्यांची तक्रार होती. प्रत्येक शेतकऱ्याला जमिनीच्या मानाने तोटी बसवून मोजके पाणी द्यावे, असा उपाय त्यांनी सुचवला. पाण्याच्या मोजमापावर आजही चर्चा झडतात. जोतीरावांची ही सूचना १४० वर्षांहून जुनी आहे.

शेत कोण खाते?

जोतीरावांच्या शेतीविषयक चिंतनाचा अर्क 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात आहे. तो १८८३ मध्ये लिहून पूर्ण झाला. कुणबी, माळी आणि धनगर हे मुळात एकच, असे ते आरंभी सांगतात. निव्वळ शेती करू लागले ते कुणबी, शेतीबरोबर बागायत करू लागले ते माळी आणि मेंढ्या-बकऱ्यांचे कळप बाळगू लागले ते धनगर. तिघांचे सुखदुःख एकच आहे, हे त्यांना यातून दाखवायचे होते. बागेला लागणारे खत कळपातून येते आणि कळपाला लागणारा चारा रानातून, ही साखळी त्यांच्या नजरेसमोर होती.

जंगल खात्याने गायराने आणि डोंगर ताब्यात घेतल्यावर ही साखळी तुटली. चारा नाही म्हणून जनावरे घटली, जनावरे घटली म्हणून खत घटले आणि जमिनीचा कस गेला, असा सरळ हिशेब जोतीरावांनी मांडला. डोंगरावरून वाहून येणारा पालापाचोळा आणि मातीचा कस पावसाच्या पाण्याबरोबर नदीला मिळतो. तो अडवण्यासाठी सरकारने जागोजागी ताली आणि बंधारे घालावेत आणि या कामाला रिकामे बसलेले शिपाई व पोलीस लावावेत, असे त्यांनी सुचवले. ओढ्या-तळ्यांतील गाळ शेतकऱ्यांना फुकट नेऊ द्यावा, परदेशांतील उत्तम जातीच्या मेंढ्या-बकऱ्या आणून त्यांची पैदास करावी, शेतीची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावीत, विहिरींच्या जागा शोधाव्यात आणि शेतकऱ्यांच्या मुलांना शेतकीचे शिक्षण द्यावे, अशा सूचनांची मालिकाच या ग्रंथात आहे.

पिकाच्या नासाडीचा प्रश्नही त्यांनी सोडला नाही. त्या काळी रासायनिक कीटकनाशकांची फवारणी नव्हती. कडुनिंब, राख आणि राखण हीच शेतकऱ्याची साधने होती. किडीपेक्षा मोठे संकट रानडुकरांचे होते. एका रात्रीत कळप शिरला की उभे पीक आडवे होई. १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर शेतकऱ्याच्या हाती बंदूकही राहिली नव्हती. राखणीसाठी शेतकऱ्यांना गावठी बंदुका बाळगू द्याव्यात. ते मान्य नसेल तर पोलीस खात्याने डुकरांचा बंदोबस्त करावा. आणि तेही जमत नसेल तर झालेले नुकसान पोलिसांच्या पगारातून किंवा सरकारी खजिन्यातून भरून द्यावे, अशी त्यांची मागणी होती. वन्य प्राण्यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई आज सरकारी धोरणाचा भाग आहे. एकोणिसाव्या शतकात ती मागणी करणे धाडसाचे होते.

यापुढचे त्यांचे निरीक्षण अधिक बोचरे आहे. रानातून वाचलेले पीक बाजारात वाचत नाही. शेतकरी गाडीभर माळवे घेऊन शहरात येतो. वजनात मारणारे दलाल आपला वाटा काढतात, नगरपालिका जकात घेते आणि शेवटी गाडीभाडे पदरचे भरून तो मोकळ्या हाताने घरी परततो. बायकामुलांना काय सांगायचे, हा प्रश्न त्याच्यापुढे उरतो. भाजीच्या दुकानात बसलेल्या बापाचा मुलगाच हे इतक्या बारकाईने लिहू शकत होता. यावर शिक्षण हाच मूळ उपाय आहे, हा त्यांचा निष्कर्ष होता. हिशेब वाचता येत नाही तोवर शेतकरी नाडला जाणारच, असे त्यांचे मत होते.

गिरणगावाशी नाते

हा ग्रंथ जोतीरावांनी पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनीही तो ऐकला. मात्र तो छापण्याच्या कामी निराशा वाट्याला आली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या संपादकत्वाखालील 'दीनबंधू' पत्रात दोन प्रकरणे प्रसिद्ध झाली आणि पुढची थांबली. सरकारवरील टीका झेपणार नाही, अशी भीती त्यामागे होती. जोतीरावांना याचा खेद झाला. पूर्ण ग्रंथ पुस्तकरूपाने त्यांच्या हयातीत आलाच नाही.

तरीही या दोघांचे कार्य एकमेकांना पूरक ठरले. शेतात ज्याचे भागत नव्हते, तोच माणूस मुंबईच्या गिरणीत येत होता. सातारा, पुणे, रत्नागिरीकडील ही माणसे परळ, लालबाग, काळाचौकी परिसरात स्थिरावत होती. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत लोखंड्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि कामावर जखमी झाल्यास भरपाई अशा मागण्यांच्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. शेतकऱ्याच्या हालअपेष्टांचे कारण शोधणारे गुरू आणि त्याच शेतकऱ्याला गिरणीत विसावा मिळवून देणारे शिष्य, असे हे नाते होते.

मुंबईनेही जोतीरावांचा मान राखला. ११ मे १८८८ रोजी मांडवीच्या कोळीवाडा सभागृहात झालेल्या समारंभात त्यांना महात्मा ही पदवी देण्यात आली. त्याच वर्षी २ मार्चला पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीला ते मुद्दाम शेतकऱ्याच्या वेशात गेले होते. हिंदुस्थानची खरी प्रजा कशी राहते, हे राजपुत्राने पाहावे, एवढाच त्यांचा हेतू होता.

मंडईला विरोध आणि मंडईला नाव

१८७६ ते १८८२ या काळात जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याच्या ठरावाला विरोध करणारे ते एकटेच होते. पुण्यात भव्य मंडई बांधण्याचा विषय आला, तेव्हाही त्यांनी आणि हरी रावजी चिपळूणकर यांनी विरोध नोंदवला. इमारतीवर पैसा ओतण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च करावा, असे त्यांचे म्हणणे होते. विरोध डावलून मंडई उभी राहिली आणि १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले. काळाचौकीला लागून असलेल्या रे रोडला ज्यांचे नाव आहे, तेच हे रे.

काळाचा न्याय मात्र वेगळा होता. १९३० च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना या मंडईचे नामांतर महात्मा फुले मंडई असे झाले. मुंबईत १८६९ मध्ये बांधून झालेले आणि पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या नावाने ओळखले जाणारे क्रॉफर्ड मार्केटही पुढे महात्मा ज्योतिबा फुले मंडई झाले. नावे योग्यच दिली गेली. मात्र जोतीरावांचा आक्षेप भाजीच्या मंडईला नव्हता, तर तेथवर माल आणणाऱ्या माणसाच्या अज्ञानाकडे होणाऱ्या दुर्लक्षाला होता, हे नामांतराच्या आनंदात विसरले जाऊ नये. मुंबईचा घाऊक भाजीबाजार १९९० च्या दशकात वाशीला गेला. जागा बदलली, तरी शेतातला भाव आणि ताटातला भाव यांतील अंतर हा प्रश्न कायम आहे.

जुलै १८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात निकामी झाला. डाव्या हाताने लिहीत त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पूर्ण केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. आपला देह घराच्या आवारातच पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. नगरपालिकेची परवानगी न मिळाल्याने त्यांचा अंत्यविधी स्मशानात झाला. पुढे त्यांच्या अस्थी घराच्या अंगणात ठेवण्यात आल्या आणि त्यावर तुळशी वृंदावन उभारण्यात आले. सावित्रीबाईंनी सत्यशोधक समाजाचे काम पुढे चालवले आणि प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी त्यांचाही अंत झाला. त्याच साथीने त्याआधी महिनाभर, ९ फेब्रुवारीला, लोखंड्यांचा बळी घेतला होता.

राज्य शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने १९६९ मध्ये फुल्यांचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध केले आणि त्यांचा शेतीविचार सर्वसामान्य वाचकापर्यंत पोचला. जमिनीचा कस राखणे, पाणी अडवणे, पिकाची राखण करणे आणि बाजारातली लूट ओळखणे ही चार कामे त्यांनी एकाच सूत्रात ओवली होती. रोपावरची कीड डोळ्यांना दिसते आणि राख भुरभुरून ती घालवताही येते. हिशेबात लागलेली कीड दिसण्यासाठी अक्षरओळख लागते, हे जोतीरावांनी ओळखले होते. माळ्याच्या मुलाने मुलींसाठी शाळा का काढली आणि मंडईच्या इमारतीला विरोध का केला, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर तेथेच सापडते.