पडीक रानाची नोंद ठेवणारे कर्नल साइक्स

अकोल्याहून पातूर, बार्शीटाकळीच्या दिशेने निघाले, की काळी कसदार जमीन मागे पडू लागते आणि मुरमाड बरड सुरू होते. बोर, हिवर, बाभूळ, तरवड यांची काटेरी झुडपे हेच तिचे वैभव. महसुली हिशेबात ही जमीन पडीक ठरते. मात्र दख्खनच्या अशाच रानातील प्राण्यांची पहिली पद्धतशीर शास्त्रीय यादी तयार केली, ती महसुलाचा हिशेब मांडण्यासाठी नेमलेल्या एका अधिकाऱ्याने. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे त्यांचे नाव.

25 जानेवारी 1790 रोजी जन्मलेले साइक्स 1804 मध्ये, अवघ्या चौदाव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात दाखल झाले. 1817 मध्ये पेशव्यांविरुद्ध झालेल्या खडकीच्या लढाईत ते होते. पेशवाई बुडाल्यानंतर जिंकलेल्या मुलखाची शेती, लोकसंख्या, हवामान आणि उत्पन्न यांची माहिती इंग्रजांना हवी होती. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी 1824 मध्ये हे काम साइक्स यांच्यावर सोपवले.

पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे त्यांनी पालथे घातले. साऱ्याचे आकडे जमवताना झुडपांत दडणाऱ्या प्राण्यांकडेही त्यांचे लक्ष होते. 1829 च्या अखेरीस सरकारने हे पद रद्द केले. तरीही परवानगी घेऊन त्यांनी काम स्वेच्छेने सुरू ठेवले आणि जानेवारी 1831 मध्ये पूर्ण केले.

त्याच वर्षी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे त्यांची सस्तन प्राण्यांची यादी आली आणि 1832 मध्ये दोनशेहून अधिक पक्ष्यांची. भारतीय लांडग्याला कॅनिस पॅलिपेस, म्हणजे फिकट पायांचा, हे शास्त्रीय नाव साइक्स यांनीच दिले. रातव्याच्या एका जातीच्या नावात त्यांनी मराठी मुलूख गुंफला. ती आजही कॅप्रिमुल्गस महरट्टेन्सिस या नावानेच ओळखली जाते. खडकाळ माळावरची लावरी आणि राखी रंगाचा मोठा सातभाई यांचे पहिले शास्त्रीय वर्णनही त्यांचेच. लांडगा, कोळसून ही मराठी नावेही त्यांनी यादीत नोंदवली.

वऱ्हाड तेव्हा निजामाच्या ताब्यात होते, त्यामुळे ते या पाहणीत नव्हते. पण खानदेशाला लागूनच बुलडाणा, अकोल्याचा मुलूख सुरू होतो आणि त्याबरोबर तेच काटेरी रानही. लावऱ्यांचे थवे झुडपाच्या बुडाशी बिलगून बसतात व पाऊल अगदी जवळ आले, की भर्रकन उडतात. सातभाई काट्यांच्या आडोशाने टोळीने फिरतात. लांडगा दिवसा झुडपांच्या सावलीत विसावा घेतो आणि सांजवेळी बाहेर पडतो. उंच झाडांच्या दाट जंगलात या जीवांचे भागत नाही. त्यांना खुला माळ आणि मधूनमधून झुडपांचा आडोसा, दोन्ही लागतात.

इंग्लंडला परतल्यावर साइक्स 1834 मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. 1856 मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले आणि 1857 पासून अखेरपर्यंत ॲबर्डीनचे खासदार होते. 16 जून 1872 रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांनी नोंदवलेल्या रानाचा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी जमिनीला आजही पडीकच म्हटले जाते. पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांतील झुडपी जंगल हे वनच होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये दिला. वऱ्हाडातील ई-क्लास जमिनींचा समावेश त्या निकालात नाही. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत लांडग्याला सर्वोच्च संरक्षण आहे; त्याच्या झुडपाला ते नाही. बरडावरचे बोरी-हिवर तोडून तेथे खाण, वसाहत किंवा उंच झाडांची रांग उभी राहते, तेव्हा सरकारी कागदावर जमीन उपयोगात आलेली असते. मात्र साइक्स यांच्या यादीतील जीवांचा आसरा त्याच वेळी नाहीसा होतो.