जेपी, किडनी आणि आठवड्यातले ते चार तास

मुरबाडचे माझे काका आठवड्यातून दोनदा एसटीने कल्याणला डायलिसिसला जातात. मशीनशेजारी चार तास बसलं की मला जयप्रकाश नारायण आठवतात.

११ ऑक्टोबर १९०२ ला जन्मलेले जेपी बिहारचे. अमेरिकेत शिकले, नाशिकच्या तुरुंगात अच्युत पटवर्धनांसोबत राहिले, १९४२ ला हजारीबागचा तुरुंग फोडून पळाले. हे सगळं पुस्तकात असतंच. आपला विषय सुरू होतो २६ जून १९७५ पासून. आणीबाणीत त्यांना पकडलं तेव्हा वय ७२. चंदीगडला अटकेत असतानाच किडन्या निकामी झाल्या. नोव्हेंबरमध्ये सुटका झाली आणि त्यांना मुंबईच्या जसलोक हॉस्पिटलमध्ये आणलं.

किडनी नेमकं करते काय? प्रत्येकीत साधारण १० लाख नेफ्रॉन, म्हणजे बारीक गाळण्या. तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं. त्यातलं ग्लुकोज, बरंचसं मीठ आणि ९९ टक्के पाणी शरीर परत घेतं. उरते दीडेक लिटर लघवी: पाणी, यकृताने बनवलेला युरिया, जादा क्षार.

आधी सगळं बाहेर टाका, मग हवं तेवढं परत घ्या! कॉलेजात मला हे डिझाइन येडपट वाटायचं. पण विचार करा, यात प्रत्येक नकोशा पदार्थाची यादी ठेवावी लागत नाही. जे ओळखीचं नाही ते आपोआप बाहेर.

पाणी कमी प्यायलं की किडनी आणखी पाणी परत ओढते, लघवी गडद पिवळी होते. तानसा, भातसा शहापूर तालुक्यातच, तरी उन्हाळ्यात तिथल्या पाड्यांवर टँकर येतो. तिथल्या बाईला हा रंग वेगळा सांगायला नको.

डायलिसिसमध्ये पातळ पडद्याच्या एका बाजूने रक्त, दुसऱ्या बाजूने स्वच्छ द्रव वाहतो. युरिया पडद्यातून पलीकडे जातो. किडनीचं दोन-तीन दिवसांचं काम चार तासांत उरकायचं, म्हणून माणूस गळून जातो.

अशा अवस्थेत जेपींनी १९७७ ला विरोधकांना जनता पक्षात एकत्र आणलं. मार्च १९७९ मध्ये तर संसदेत त्यांच्या निधनाची घोषणाच झाली, आणि ते जसलोकमध्ये जिवंत! ८ ऑक्टोबर १९७९ ला पाटण्यात ते गेले.

हा किस्सा ऐकून काका खूप हसले. मग वजनकाट्यावर चढले. लघवी होत नसली की मधल्या दिवसांत साठलेलं पाणी वजनातच दिसतं.